जुनी वर्दी भंगारात घालण्याआधी

ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘घरातली जुनी फौजी वर्दी पाच मिनिटांत ओळखा’. त्याचं म्हणणं असं: खाकी असेल तर ती पोलिसाची, तिला किंमत नाही. बटणावर मुकुट असेल तर १८५७ च्या काळातल्या इंग्रज साहेबाची. शिक्क्यात बाण असेल तर माल विलायती. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली चमकली तर नकली. शिवाय अशी वर्दी घरात ठेवणं गुन्हा आहे, तेव्हा ड्रायक्लीन करून, बटणं लखलखीत घासून लवकर विकून टाका. आपल्या शहरातल्या लष्कर, जनकगंज, दौलतगंज या वस्त्यांतल्या कित्येक घरांत शिंदे सरकारांच्या फौजेतल्या पणजोबांची ट्रंक अजून माळ्यावर आहे. म्हणून हे खोडून काढायलाच हवं.

सगळ्यात जास्त नुकसान खाकीच्या वाक्यानं होईल. खाकी आधी फौजेची. १८४६ मध्ये हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्यानं पेशावरला ‘कोअर ऑफ गाइड्स’ ही हिंदुस्थानी शिपायांची पलटण उभी केली; तिच्या अंगावर हा मातकट रंग चढला आणि पुढे साऱ्या हिंदुस्थानी फौजेत पसरला. ब्रह्मदेशच्या जंगलात लढताना दुसऱ्या महायुद्धात हिरवे कपडे आले, ऑलिव्ह ग्रीन रुळला तो स्वातंत्र्यानंतर. १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेत टांगाच्या मोहिमेवर शिंदे सरकारांच्या तिसऱ्या ग्वाल्हेर इन्फन्ट्रीची अर्धी पलटण गेली, तो काळ खाकीचाच. रंग पाहून कोट भंगारवाल्याला दिला, तर अशा मोहिमेवर गेलेल्या माणसाची शेवटची खूणही गेली म्हणून समजा.

मुकुटाचंही तसंच. मुकुटाचा आकार नीट पाहा. वरच्या कमानी घुमटासारख्या गोल चढलेल्या असतील तर तो १९०१ नंतरचा, म्हणजे व्हिक्टोरिया राणी गेल्यानंतरचा. त्याचा १८५७ शी काही संबंध नाही. आणि मुकुट असला म्हणून घालणारा इंग्रज होता असंही नाही. हिंदी शिपायांच्या कोटांवरही तीच बटणं होती. २६ जानेवारी १९५० नंतर त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. संस्थानी फौजांची चिन्हं वेगळी; ग्वाल्हेरच्या राजचिन्हात सूर्य आणि नाग आहेत. तसं बटण सापडलं तर ते जपाच.

बाण ही इंग्रजांच्या सरकारी मालाची खूण. त्या शिक्क्याखाली इंग्रजी ‘आय’ हे अक्षर दिसतं का ते बघा. दिसलं तर तो हिंदुस्थान सरकारचा माल. शाहजहांपूरचा सरकारी कपडे कारखाना १९१४ पासून आहे. विलायतेहून सगळं शिवून येत होतं हा समज चुकीचा आहे.

टॉर्चच्या युक्तीत थोडं तथ्य आहे, म्हणूनच ती जास्त फसवते. आजच्या धुण्याच्या पावडरीत कपडा पांढरा दिसावा म्हणून चमक आणणारी रसायनं असतात, ती या प्रकाशात निळसर उजळतात. घरच्यांनी प्रेमानं दिवाळीच्या आधी एकदा धुतलेला अस्सल सुती कोटही मग चमकतो. म्हणून कॉलर उलटा, खिशाच्या झडपेखाली आणि शिवणीच्या आत दाबलेल्या कापडावर टॉर्च मारा. बाहेरून चमकतोय आणि आत मंद आहे, तर ती चमक नुसत्या धुण्याची असू शकते. कापड मंद आणि फक्त दोरा चमकतोय, तर शिवण नंतरची असावी. पण ती दुरुस्तीही असू शकते. एका खुणेवरून निकाल देऊ नये. दोरा जाळून पाहिला तर तो लोकरीचा, सुती की पॉलिएस्टरचा हे कळतं, कोट किती जुना ते कळत नाही.

ड्रायक्लीनचा सल्ला तर मला सहन होत नाही. अस्तरावर, कॉलरच्या आत शिपायाचा नंबर शाईनं लिहिलेला असतो. नाव-नंबर आणि पलटण कळली, की दोन महायुद्धांत कामी आलेल्यांना कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशन या त्यांच्या कबरी-स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या याद्यांमध्ये शोधता येतं. तीच शाई धुलाईत फिकी पडते. पितळी बटण घासत राहिलं की नक्षी बोथट होते आणि पॉलिशची पांढरी पूड कापडात अडकून बसते. मऊ ब्रशनं धूळ झटका, धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. कसर लागली असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा.

राहिला गुन्हा. भारतीय न्याय संहितेचं १६८ वं कलम आपण सैनिक आहोत असं लोकांना भासवण्यासाठी वर्दी घालण्याबद्दल आहे. आजोबांचा कोट ट्रंकेत ठेवण्याबद्दल नाही. उलट परदेशी खरेदीदार शोधणाऱ्यांनी सांभाळावं: शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.