‘१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही, वर रिफंड’ : त्या फॉरवर्डला उत्तर

‘नोकरदार आणि धंदेवाल्यांसाठी टॅक्स वाचवायचे सोपे मार्ग’ हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. आमच्या घरच्या ग्रुपवर तो मामेभावाने टाकला. त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, वहिनी शाळेत शिकवतात. नुसता टाकला असता तर मी सोडून दिलं असतं. पण खाली वहिनींनी विचारलं, ‘यांना फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) आणि आयकर पोर्टलचा पासवर्ड पाठवू का?’ तेव्हा मात्र राहवलं नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर रिटर्न भरायची गरज नाही. पगारदाराने एखाद्या छोट्या पक्षाला चेकने देणगी द्यावी, पाच टक्के कापून ती रोखीने परत मिळते आणि सरकारकडून रिफंडही येतो. धंदेवाल्याने सहा टक्के नफा दाखवावा, पुढे कुणी काही विचारत नाही. पैसे बायकोच्या नावावर ठेवावेत. हाती उरलेली रोकड नातेवाइकांकडून उसनी घेतली म्हणावं, नाहीतर शेतीचं उत्पन्न म्हणून दाखवावं. शेवटी रिटर्न भरून देणाऱ्या एजंटचा मोबाइल नंबर आणि ‘आमची फी रिफंडमधूनच’.

देणगीपासून सुरुवात करतो, कारण बाकी सल्ल्यांनी नुकसान होईल, या सल्ल्याने माणूस थेट गुन्ह्यात अडकेल. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८०जीजीसीखाली राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीची पूर्ण वजावट मिळते, हे खरं. पक्ष नोंदणीकृत हवा आणि देणगी रोखीने दिलेली नको, हेही कायद्यातच आहे. पण दिलेले पैसे मागच्या दाराने परत आले तर ती देणगी उरतच नाही. मग रिटर्नमध्ये तुम्ही लिहिता ते सरळ खोटं असतं, आणि त्याखालच्या ‘ही माहिती खरी व पूर्ण आहे’ या प्रतिज्ञापनावर नाव एजंटचं नसतं, तुमचं असतं.

‘एवढ्या लोकांत कोण तपासतंय’ असं मेसेज म्हणतो. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने नेमक्या याच प्रकारासाठी देशभरात सुमारे १५० ठिकाणी कारवाई केली. त्या दिवशीचं सरकारी निवेदन पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर आहे, जरूर वाचा. खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणाऱ्या एजंटांच्या टोळ्या त्यात वर्णन केल्या आहेत आणि ज्या कलमांचा गैरवापर झाला त्यांत ८०जीजीसीचं नाव स्पष्ट आहे. घरभाडं, वैद्यकीय विमा, शैक्षणिक कर्ज यांचे खोटे दावेही आहेत. फायदा घेणाऱ्यांमध्ये सरकारी कर्मचारी आहेत, मोठ्या कंपन्यांमधले लोक आहेत आणि शैक्षणिक संस्थांमधलेही आहेत. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली विवरणपत्रं दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले होते. हे लोक उगाच मागे फिरले नाहीत.

त्याच निवेदनातली एक गोष्ट मला सगळ्यात भयंकर वाटली. हे एजंट गठ्ठ्याने रिटर्न भरण्यासाठी तात्पुरते ईमेल पत्ते उघडतात आणि काम झालं की सोडून देतात. खात्याच्या नोटिसा त्या पत्त्यावर जाऊन पडतात, कुणी उघडतही नाही. म्हणजे तुमच्यावर नोटीस निघते, उत्तराची मुदत संपते आणि तुम्हाला पत्ताच नसतो. ज्यांनी कुणी असा पासवर्ड दिला असेल त्यांनी तो आजच बदलावा आणि पोर्टलवर प्रोफाइलमध्ये जाऊन ईमेल आणि मोबाइल आपलाच आहे ना, हे बघावं.

आता हिशेब. कर मोजायच्या दोन प्रणाली आहेत, वजावटी देणारी जुनी आणि कमी दरांची नवी. जुन्या प्रणालीत ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने १ लाखाची खोटी देणगी दाखवली, तर सेस (करावरचा उपकर) सोडून ३०,००० रुपये कर वाचला असं दिसतं. पकडलं गेल्यावर ते ३०,००० व्याजासकट परत करायचे. शिवाय कलम २७०एखाली माहिती चुकीची दिली म्हणून बुडवलेल्या कराच्या २०० टक्के, म्हणजे ६०,००० दंड होऊ शकतो. कर जाणूनबुजून बुडवल्याबद्दल खटल्याची तरतूद वेगळी. एजंट तोवर आपला हिस्सा घेऊन मोकळा झालेला असतो.

१२ लाखांचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त फिरतं. २०२५-२६ च्या उत्पन्नासाठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो, पगारदाराला ७५,००० च्या प्रमाणित वजावटीमुळे पावणेतेरा लाखांपर्यंत. पण करमुक्त मर्यादा १२ लाख नाही, ती ४ लाखच आहे. १२ लाखांवर ६०,००० रुपये कर बसतो आणि कलम ८७एची सूट तो पुसते. ती सूट मागायची तर रिटर्न भरावं लागतं. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की ते भरणं बंधनकारकच आहे. धंद्याची उलाढाल ६० लाखांवर असेल किंवा वर्षात चालू खात्यांत १ कोटीहून जास्त जमा झाली असेल, तर उत्पन्न कमी असूनही रिटर्न चुकत नाही. आणि शेअर विकून झालेल्या भांडवली नफ्यावर जो खास दराने कर बसतो, त्याला ही सूट लागू नाही. ‘माझं सगळं मिळून ११ लाखच आहे’ म्हणून निर्धास्त बसलेले अनेक जण इथे फसतात.

हा मेसेज लिहिणाऱ्याला विषयच कळलेला नाही, याचा पुरावा त्याच्याच मजकुरात आहे. १२ लाखांची सूट नव्या प्रणालीतली, देणगीची वजावट जुन्या प्रणालीतली. नव्यात ८०जीजीसी नाही, ८०सी (विमा, पीएफसारख्या बचतीची वजावट) नाही, घरभाड्याची सवलत नाही. दोन्ही एकाच वर्षी एकाच माणसाला मिळूच शकत नाहीत. पगारदार दरवर्षी यातली एक निवडू शकतो. धंद्याचं उत्पन्न असणाऱ्याला मात्र तशी मोकळीक नाही. एकदा फॉर्म १०-आयईए भरून जुनी प्रणाली घेतली, तर नव्यात परत येण्याची संधी एकदाच. मामेभावासारख्याला खरा सल्ला लागतो तो इथे, आणि मेसेजमध्ये त्याबद्दल एक ओळ नाही.

सहा टक्क्यांचं म्हणणं मला थोडं मान्य करावं लागेल. कलम ४४एडी छोट्या धंद्यांसाठीच आहे. उलाढाल २ कोटींपर्यंत (रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत) असली, तर हिशेबाच्या वह्या न ठेवता अंदाजे नफा दाखवता येतो: बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर सहा टक्के, रोखीवर आठ. पण ही किमान टक्केवारी आहे. नफा प्रत्यक्षात जास्त झाला असेल तर जास्तच दाखवायचा. दलाली आणि कमिशनच्या कामाला हे कलम चालत नाही. ही योजना मध्येच सोडली तर पुढची पाच वर्षं तिच्यात परत येता येत नाही. ‘कुणी विचारत नाही’ हे तर चुकीचंच, कारण जीएसटीत दाखवलेली उलाढाल वार्षिक माहितीपत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, दिसते. तिथला आकडा आणि रिटर्नमधला आकडा वेगळा निघाला की प्रश्न येणारच.

बायकोच्या नावावर पैसे ठेवायला कुणाची हरकत नाही, त्या भेटीवर करही नाही. पण त्यावरचं व्याज कलम ६४ प्रमाणे नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. आईवडिलांना किंवा सज्ञान मुलांना दिलेल्या पैशांना हा नियम लागू होत नाही. तो मार्ग पूर्ण कायदेशीर असूनही मेसेजमध्ये नाही.

उसनवारीचं एका वाक्यात सांगतो: कुणाकडूनही, अगदी सख्ख्या भावाकडूनही, २०,००० किंवा जास्त रक्कम रोखीने उसनी घेतली तर घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो.

शेतीच्या नावावर रोकड खपवण्याच्या सल्ल्याचा मला राग आहे. सवलत शेतकऱ्यासाठी आहे, आणि असल्या उद्योगांमुळे खऱ्या शेतकऱ्याकडेच संशयाने बघितलं जातं. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५ लाखांच्या वर दाखवलं की रिटर्नमध्ये जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, स्वतःची की खंडाने, बागायत की जिरायत, एवढं सगळं भरावं लागतं. सातबाऱ्यावर पीकपाहणीची नोंद असते. पडीक जमिनीवर लाखांचं उत्पन्न दाखवणाऱ्याला ती नोंदच खोटं पाडते. शिवाय इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर ५,००० पेक्षा जास्त शेतीउत्पन्न कराचा दर ठरवताना धरलं जातं. म्हणजे ते दाखवून बाकीच्या उत्पन्नावरचा कर उलट वाढू शकतो.

ज्यांनी मागच्या वर्षांत असा खोटा दावा आधीच केला आहे, त्यांनी नोटिशीची वाट बघू नये. अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे आयटीआर-यू, संबंधित करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून चार वर्षांपर्यंत भरता येतं. त्यातून रिफंड वाढवून घेता येत नाही, राहिलेला कर भरता येतो. कर आणि व्याज मिळून होणाऱ्या रकमेवर पहिल्या वर्षात २५ टक्के जादा, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६० आणि चौथ्यात ७०. खात्याची कारवाई सुरू झाली की हा मार्ग बंद किंवा आणखी महाग होऊ शकतो, म्हणून हे काम याच महिन्यात एखाद्या सीएकडे बसून करून घ्या.