नखाला ‘व्ही’ खाच पाडून काहीच होत नाही

पायाच्या बोटाच्या मांसात रुतलेल्या नखाला मधोमध ‘व्ही’सारखी खाच पाडली की कडा मध्याकडे ओढल्या जाऊन मांसातून सुटतात, हा एका लेखात वाचलेला सल्ला चुकीचा आहे. नख मुळातून वाढत पुढे सरकतं. टोक निर्जीव असतं, तिथल्या खाचेने बाजूची कड हलत नाही. बहुतेकदा कोपरे गोल आणि खोल कापल्यानेच दुखणं सुरू होतं. आत राहिलेली कुसळासारखी टोकदार कपची वाढताना मांसात घुसते. म्हणून नख सरळ कापा, कोपरे मोकळे ठेवा.

नुसतं दुखत असेल तर कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा पाय बुडवा. कातडी मऊ झाली की ती नखापासून हळूच बाजूला दाबा आणि कापसाची बारीक वात कोपऱ्याखाली सरकवा. वात रोज बदला, ओली राहिली तर जंतू वाढतात. गोव्याच्या पावसात तर पाय पुसून पूर्ण कोरडे केल्याशिवाय बूट घालूच नका, आणि घरी असताना पुढून उघडी चप्पल बरी. अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, त्यामुळे धीर हवा. पू, पसरणारी लाली किंवा मधुमेह असेल तर मात्र कात्री न लावता थेट आरोग्य केंद्र गाठा.