किंमत गाडीची उतरते, सुट्या भागांची नाही

दहा वर्षे जुनी आलिशान एसयूव्ही नव्या मध्यम गाडीच्या किमतीत मिळत असेल तर ती घेणे शहाणपणाचे ठरते, हे जुन्या आलिशान गाड्यांविषयीच्या तुमच्या लेखातील मत मला पटत नाही. गाडीचा भाव वयाबरोबर उतरतो, तिच्या सुट्या भागांचा उतरत नाही. ऑडी क्यू ७, रेंज रोव्हर यांसारख्या गाड्यांच्या अनेक आवृत्त्यांत पोलादी स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी पिशव्या असतात. रबराला बारीक चिरा पडल्या की हवा झिरपते, ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर प्रमाणाबाहेर चालतो आणि दुर्लक्ष झाले तर अखेर तोही निकामी होतो. म्हणून अशी गाडी पाहायला भल्या सकाळी, ती रात्रभर उभी असतानाच जावे. एखादा कोपरा खाली बसलेला दिसला तर विक्रेत्याचे गोड बोलणे बाजूला ठेवून आधी दुरुस्तीचे लेखी अंदाजपत्रक मागावे.

आपल्या नाशिककरांसाठी आणखी एक मुद्दा. बीएस-६ या प्रदूषण निकषाच्या डिझेल गाडीच्या डीपीएफमधील, म्हणजे धुरातील काजळी अडवणाऱ्या गाळणीतील, काजळी जळून जाण्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगाने चालावी लागते, आणि शहरातल्या शहरात, कॉलेज रोड ते सीबीएस एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीला ते जमत नाही. अशा मालकाने अधूनमधून महामार्गावर इगतपुरीपर्यंत जाऊन यावे, किंवा सरळ पेट्रोल गाडी पाहावी.

विम्याच्या भरवशावरही राहू नये. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि झीज तर विम्यात धरलीच जात नाही.