‘गिव्ह मी युवर पासपोर्ट’ म्हणणारा मुलगा उर्मट नसतो

गोव्यात मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि आमच्या पेडण्यात ‘मुलाला इंग्रजी बोलता आलं पाहिजे’ ही घाई आणखी वाढली. हॉटेल लाइन तर आधीपासून होतीच. संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी बोलायला शिकायला येणारी बरीच मुलं चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकलेली, पाचवीपासून इंग्रजी माध्यमात गेलेली. व्याकरण त्यांचं बरं असतं. अडतं भलतीकडेच, आणि ते त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मराठीत आपण ‘पासपोर्ट द्या’ म्हणतो तेव्हा त्या ‘द्या’मध्येच आदर आलेला असतो. ‘द्याल का?’ म्हटलं की आणखी मऊ. आजच्या इंग्रजीत तू आणि तुम्ही दोघांना एकच ‘यू’, क्रियापदाला आदराचं रूपच नाही. त्यामुळे मनात ‘पासपोर्ट द्या, सर’ म्हणणारा मुलगा तोंडाने ‘गिव्ह मी युवर पासपोर्ट, सर’ म्हणतो. व्याकरणात एक चूक नाही, पण समोरच्याला तो हुकूम वाटतो. तिथे अदब दाखवायची ती प्रश्न विचारून: ‘कुड आय सी युवर पासपोर्ट, प्लीज?’ खोली तयार नसली की ‘यू हॅव टू वेट’ नाही, ‘आय ॲम अफ्रेड युवर रूम इजन्ट रेडी येट’. त्या ‘अफ्रेड’मध्ये भीती कसली नाही, नाइलाज सांगायची ती रीत आहे. घरी आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, तोच मुलगा काउंटरवर उर्मट ठरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि आपण शिकवतो काय? अर्जांतली जुनाट वाक्यं: ‘आय बेग टू स्टेट’. ‘काइंडली डू द नीडफुल’. निबंधात जड शब्द घातला की शाबासकी!

१९८७ साली जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली बर्मिंगहॅम विद्यापीठात कोबिल्ड शब्दकोश तयार झाला, तो लोकांच्या प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा मोठा साठा संगणकावर तपासून. कुठला शब्द कुणाच्या जोडीने येतो, हे त्यातून दिसतं. जोराचा पाऊस ‘हेवी रेन’, जोराचा वारा मात्र ‘स्ट्रॉन्ग विंड’. असं का, याला सूत्र नाही. कानावर पडून पडूनच ते जिभेवर बसतं.

म्हणून सुट्या शब्दांच्या याद्या पाठ करून घेणं थांबवा. अख्खं वाक्य द्या, प्रसंगासकट, आणि मोठ्याने म्हणायला लावा. एक पाहुणा, एक रिसेप्शनवाला, मग अदलाबदल. ‘प्रीपोन’, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं, हा आपल्याकडचा इंग्रजी शब्द; इथे सगळ्यांना कळतो, तो खुशाल वापरू दे. उच्चारही पेडण्याचाच राहू दे, त्याने कुणाचं काही अडत नाही.

पालकांनो, क्लास निवडताना फी विचाराच, पण मुलं तासात स्वतः किती वेळ बोलतात तेही विचारा. तासभर टीचरच बोलत असेल, तर तिथे पैसे घालू नका.