पडद्यामागच्या पणजोबांचा शोध

आधी नाटक मंडळीत आणि मग मूकपटांच्या काळात स्टुडिओत पडदे रंगवणाऱ्या पणजोबांचं नाव कुठेच सापडत नाही, असं लेखिकाताईंनी या लेखात लिहिलंय. ताई, शोध सोडू नका!

फक्त सिनेमे धुंडाळून भागणार नाही. त्या काळची बहुतेक रिळं नायट्रेटची, भडकन पेट घेणारी. पुण्याच्या फिल्म संग्रहालयातलीही कितीतरी २००३च्या आगीत गेली. घरातले कागद जास्त बोलतात. पणजोबांच्या मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले काढा आणि जन्मस्थळाचा रकाना बघा. थोरला सांगलीचा, मधली हुबळीची, धाकटा अमरावतीचा असं निघालं, तर तो नाटक कंपनीचा दौरा असू शकतो. मग त्याच सालच्या वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती चाळा, मंडळीचं नाव हाती लागू शकतं.

कोल्हापूरचं घराणं तीसच्या दशकात अचानक पुण्यात दिसलं, तर ‘प्रभात’ या फिल्म कंपनीचा विचार जरूर करा. कंपनी १९२९मध्ये कोल्हापुरात निघाली आणि १९३३मध्ये पुण्याला आली. तिच्याबरोबर कामगारांचीही बिऱ्हाडं हलली.

नावावर मात्र अडून बसू नका. जाहिरातीत नुसतं ‘मास्टर अमुक’ किंवा ‘मिस तमुक’ छापायची पद्धत होती, आडनाव गायबच.

आणि लेखातला तो ग्रुप फोटो फ्रेममधून अलगद बाहेर काढा. पुठ्ठ्यावर बहुधा फोटोग्राफरचं नाव नि गाव छापलेलं असतं. मागची बाजूही इथे टाका, मोडी लिपीत काही खरडलेलं असेल तर वाचून द्यायला मी तयार आहे.