कोल्हापुरातला रुपया आणि आकाशगंगेचे केंद्र

कोथरूडच्या आत्याने परवा रात्री तिच्या भिशीच्या ग्रुपवरचा एक संदेश पाठवून खाली विचारले, ‘‘हे खरे आहे का रे?’’ संदेशाचा आशय असा: आकाशगंगेचे केंद्र २६ हजार प्रकाशवर्षे दूर, म्हणून तिथल्या तारकागुच्छांची हालचाल चार-पाच वर्षांत मोजणे अशक्य, प्रकाशच इतका शिळा, म्हणून वयेही काल्पनिक, वाटेत धूळ, म्हणून छायाचित्रे बनावट, आणि खरे ज्ञान ‘मूळ’ या नक्षत्रनामातच आहे.

हालचालीचा दावा सर्वांत बेधडक आहे. तिथल्या ‘आर्चेस’ गुच्छाची छायाचित्रे हवाईतील केक दुर्बिणीतून २००६ ते २०१० या काळात घेतली गेली, आणि क्लार्कसन व सहकाऱ्यांच्या २०१२ मधील शोधनिबंधानुसार हा गुच्छ आजूबाजूच्या ताऱ्यांच्या तुलनेत सेकंदाला सुमारे १७२ किलोमीटर वेगाने आडवा सरकतो आहे. चार वर्षांतले हे सरकणे येथून केवढे भासेल? कोल्हापुरात ठेवलेल्या रुपयाच्या नाण्याची रुंदी पुण्यातून भासेल, साधारण तेवढे. संदेश लिहिणारा इथेच फसला आहे, कारण नाणे दिसणे निराळे आणि ठिपक्याने जागा बदलल्याचे कळणे निराळे. ताऱ्याचा प्रकाश छायाचित्रातल्या अनेक चिमुकल्या चौकोनांवर (पिक्सेलवर) पसरतो, त्यामुळे त्या ठिपक्याचा मध्य एका चौकोनाच्या अगदी लहान अंशापर्यंत काढता येतो. हवेच्या थरथरीने तो फिसकटू नये म्हणून लेझरने आकाशात कृत्रिम तारा उमटवून त्याच्या आधारे दुर्बिणीतला आरसा सेकंदाला शेकडो वेळा वाकवतात. शिवाय अनेक ताऱ्यांची सरासरी घेतल्यावर चूक आणखी आटते. निबंधात त्या वेगातली संभाव्य चूकही दिली आहे, १५ किलोमीटर. संदेशात असे काही शोधू नये.

वयाचा मुद्दा साध्या भागाकाराने निकालात निघतो. प्रचंड वस्तुमानाचे तारे काही दशलक्ष वर्षांतच संपतात आणि आर्चेसमध्ये ते अजून जळत आहेत, म्हणून त्याचे वय २५ ते ३५ लाख वर्षे धरतात. प्रकाशाच्या प्रवासाची २६ हजार वर्षे म्हणजे त्याचा जेमतेम एक टक्का.

धुळीचे अर्धे खरे आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. दृश्य प्रकाशाचा लाख कोटींतला एखादाच अंश तिथून येथवर पोचतो. म्हणूनच ही छायाचित्रे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात घेतात, ज्याचा सुमारे दहावा हिस्सा धुळीतून पार होतो. केंद्र मूळ नक्षत्राच्या दिशेला आहे, हेही खरे. पण नावावरून वेग निघत नाही.

हे सारे आत्याला लिहून पाठवले. तिचे उत्तर आले, ‘‘रुपया जुना की नवा?’’ नवा, लहान धरला आहे.