फोटोत कुंकू काळं का दिसतं?

नागपुरात महालपासून मानेवाड्यापर्यंत सगळ्या ग्रुपवर सध्या एकच फॉरवर्ड फिरतोय. इंग्रजी अमदानीतलं पाच जणांचं एक गोंड कुटुंब, आणि खाली मजकूर: ‘फोटो खोटं बोलत नाही. आपले पूर्वज असेच होते, काळेकुट्ट आणि भेदरलेले. कॅमेरा आत्मा ओढून घेतो, असं त्यांना वाटायचं. कॅमेरा होताही फक्त गोऱ्यांकडे.’

आधी रंगाचं. काळं असण्यात कमीपणा काडीचाही नाही. पण तेव्हा फोटो काचेवर टिपत, आणि १८५१ साली आलेली, कोलोडियन नावाचं रसायन लावलेली ओली काच निळा उजेड चटकन टिपायची, लाल जवळजवळ नाहीच. नंतरच्या कोरड्या काचाही बरीच वर्षं तशाच होत्या. आमच्या घरी पणजी-पणजोबांचा फोटो आहे, त्यात पणजीचं कुंकू शाईच्या ठिपक्यासारखं काळं आलंय. गव्हाळ कातडीचंही तेच होतं.

‘भेदरलेले’ म्हणाल, तर त्याच फोटोत पणजोबांच्या जोड्यांमागे एका लोखंडी स्टँडचा पाय डोकावतो. काही सेकंद मान हलू नये म्हणून त्याचा चिमटा मानेमागे लावत. तेवढा वेळ कोण हसत बसेल? आणि आत्म्याची भीती असती, तर ही दोघं ठेवणीतले कपडे घालून, पदरचे पैसे मोजून स्टुडिओत कशाला गेली असती?

कॅमेरा फक्त गोऱ्यांकडे, हे तर साफ चूक. भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी मुंबईत आणि अहमद अली खान लखनौमध्ये १८५०च्या दशकातच फोटो काढत होते.

खरा मुद्दा ‘खोटं बोलत नाही’ हा. विल्यम जॉन्सनने १८६०च्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींचं पुस्तक काढलं. त्यात एकीकडे टिपलेली माणसं कापून दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवली आहेत. १८६८ ते १८७५ दरम्यान लंडनहून ‘द पीपल ऑफ इंडिया’चे ८ खंड निघाले. सत्तावनच्या उठावानंतर सरकारला आपली रयत ओळखून घ्यायची होती. त्यात एका चेहऱ्याशेजारी चार ओळी लिहून अख्ख्या जमातीचा स्वभाव ठरवून टाकलाय. उभं कुठे राहायचं, हातात काय धरायचं, हे बहुतेकदा कॅमेऱ्यामागचा साहेब सांगे. ज्या गोंडांच्या राजाने, बख्त बुलंद शहाने, हे नागपूर वसवलं, त्यांना अशा फोटोवरून भेदरट ठरवताना आपल्याला काहीच वाटत नाही?

आमच्या फोटोमागे दोघांची नावं शाईने लिहिलेली आहेत. फॉरवर्डमधल्या पाचांखाली एकच शब्द आहे: गोंड.